काचेवरचे हैदराबाद आणि हातातला कॅमेरा



आपला इतिहासाभ्यास बहुधा बखरी आणि कागदपत्रांभोवती फिरतो. साधनांच्या इतिहासाकडे आपण क्वचितच वळतो. लहान संवेदकाचा डिजिटल कॅमेरा घ्यावा की मोठ्या चौकटीचा एसएलआर, हा वाद आजची तरुण मंडळी हिरिरीने घालताना ऐकू येतात. हा वाद वाटतो तितका नवा नाही. हैदराबादेपुरते बोलावयाचे तर त्याचे मूळ लाला दीनदयाळांच्या काचेच्या प्लेटांपर्यंत जाते.

मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले दीनदयाळ रुडकीस अभियांत्रिकी शिकले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस राहिले आणि पुढे सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खानांच्या, आश्रयास आले. १८९४ मध्ये त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. त्यांच्या काळी निगेटिव्ह मोठे करण्याची सोय बेताचीच होती. जेवढी काच तेवढेच चित्र. म्हणून कॅमेरेही अवाढव्य, तिवईवर उभारावयाचे.

थोडे गणित करू. त्या काळी प्रचारात असलेल्या १० बाय १२ इंची प्लेटचे क्षेत्र, पुढे लायकासारख्या छोट्या कॅमेऱ्यांनी रूढ केलेल्या २४ बाय ३६ मिलिमीटर चौकटीच्या सुमारे नव्वदपट भरते. ती चौकट आज आपण ‘पूर्ण’ म्हणतो! खिशातल्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक तिच्याही सुमारे तिसावा हिस्सा. क्षेत्र मोठे तितका एकूण उजेड अधिक गोळा होतो. लहान संवेदकाला अंधुक जागी तो अपुरा पडतो आणि चित्रात दाणे उमटतात. शिवाय तेवढ्याशा ठिपक्याचे दहा इंची चित्र करावयाचे तर पन्नासपट विस्तार करावा लागतो, आणि भिंगाचा बारीकसा दोषही तितकाच वाढतो.

मात्र हा लाभ फुकटचा नव्हे. मोठ्या चौकटीला लांब पल्ल्याचे भिंग लागते. त्यात जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. ते साधण्यासाठी भिंगाचे छिद्र बारीक करावे, तर उजेड कमी होऊन वेळ वाढतो. वेरूळच्या लेण्यांना वेळेची घाई नव्हती. खांब हलत नाहीत. माणसे हलतात. भर उन्हात कोरड्या प्लेटा झटपट चित्र घेऊ शकत, हे खरे. परंतु सावलीत, दालनात माणसाला स्तब्ध बसावे वा उभे राहावेच लागे.

माझ्या मते खरा प्रश्न येथे आहे. प्लेट महाग, सरंजाम जड, म्हणून काचेवर कोण उमटावे हे आधीच ठरलेले असे. दरबार, राजवाडे, शिकारी, पाहुणे यांची चित्रे विपुल. १८९२ मध्ये दीनदयाळांनी पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला आणि तेथे श्रीमती केनी-लेविक या बाईंची नेमणूक केली; तरी तेथवर पोचणाऱ्या स्त्रिया प्रतिष्ठित घराण्यांतल्याच. गरीब दिसतात ते १९०० च्या आसपासच्या औरंगाबादकडील दुष्काळी मदतीच्या चित्रांत. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ही चित्रे सरकारी सत्कार्याची नोंद म्हणून काढलेली. त्यांत माणसे आहेत, पण मदतीस पात्र ठरलेली माणसे म्हणून. त्यांचे घर, चूल, सणवार काचेवर आले नाहीत. आपले आजे-पणजे कसे हसत, हे आपणास ठाऊक नाही ते यामुळेच.

१८८८ च्या कोडॅकने आणि १९२५ च्या लायकाने ही मक्तेदारी सैल केली. डिजिटलने ती जवळजवळ मोडली. एसएलआरमधला आरसाही अलीकडच्या कॅमेऱ्यांतून गेला, आणि मोबाइल फोन अनेक चित्रे क्षणात एकावर एक जुळवून लहान संवेदकाची उणीव गणिताने भरून काढतात. तरीही सूक्ष्म तपशिलाच्या बाबतीत ती जुनी काच आजही सहजी हार जात नाही. दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. लाड बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईच्या हातात आज कॅमेरा आहे. तिने टिपलेले हैदराबाद जपून ठेवणारे केंद्र कोणते?