तबकडीवरचा अभंग आणि दिंडीतले ध्रुपद



वाचकहो, एक लहानसा प्रयोग करून पाहा. तुकोबारायांचा ‘सुंदर ते ध्यान’ हा अभंग मनातल्या मनात म्हणा. कोणती चाल आली? तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानात लताबाईंचा आवाज उमटला असेल. चाल श्रीनिवास खळ्यांची. आता गाथा काढा आणि तोच अभंग उघडा. दुसऱ्या चरणाच्या शेवटी ‘ध्रु.’ अशी खूण दिसेल. म्हणजे फिरून फिरून म्हणायचे ते दुसरे चरण. तबकडीवर मात्र फिरून येते ती पहिली ओळ.

इतक्याशा फरकाने काय होते, असे कोणी म्हणेल. पण अर्थाकडे पाहा. पहिल्या चरणात विटेवरचे रूप दिसते, कमरेवरचे हात दिसतात. दुसऱ्यात तुळशीच्या माळेचे आणि पितांबराचे वर्णन होऊन भक्त आपली आवड बोलून दाखवतो, हेच रूप मला नित्य हवे म्हणतो. दिंडीत दर चरणानंतर आपण त्या आवडीपाशी परत येतो. तबकडीवर दर वेळी मूर्तीपाशी परत येतो. दोन्ही ठिकाणी विठोबाच आहे, पण एका ठिकाणी पाहणे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पाहणाऱ्याचे मन आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला ही गोष्ट सांगावी लागत नव्हती. आपल्याला सांगावी लागते, आणि त्याचे कारण सत्तरच्या दशकातल्या, व त्याच्या आगेमागे निघालेल्या, काही फार सुंदर तबकड्या हे आहे.

त्या तबकड्यांविषयी लिहिताना माझा हात जरा आखडतो, कारण माझेही कान त्यांच्यावरच वाढलेले आहेत. तेव्हा तक्रार म्हणून नव्हे, तर घरातल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतो.

आधी तबकडीचा हिशेब समजून घेऊ. जुनी लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. भजनी चालीत रंगलेला अभंग तीन मिनिटांत कसा संपावा? पुढे लाँग प्ले तबकडी आली. ती मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे घेई आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे गाणे राही. त्यामुळे एका संताचे आठ-दहा अभंग एकत्र देण्याची सोय झाली. लताबाई आणि खळे यांचे ‘अभंग तुकयाचे’ असे आकाराला आले. लताबाई आणि हृदयनाथ यांनी ज्ञानोबारायांच्या रचना गायल्या, त्याही अशाच घरोघर पोचल्या. गाणी सुटी न राहता संताच्या नावाने गुंफलेली अशी माळ हाती आली, हे नवे होते.

ज्ञानोबारायांच्या विरहिणींचेच पाहा ना. फडावर आणि कीर्तनात या विरहिणी बहुधा पुरुषांच्या गळ्यातूनच ऐकू येत. वाट पाहणारी ती, बोलणारा तो. निरूपणकार त्यातला जीव-शिवाचा अर्थ उलगडून सांगत, आणि ते योग्यच होते. पण लताबाईंच्या आवाजात ती वाट पाहणे अर्थ सांगण्याआधीच काळजाला भिडते. ज्यांनी कधी ज्ञानेश्वरी उघडली नव्हती अशा घरांतही माउलींची विरहिणी त्या आवाजाने शिरली. एवढे श्रेय त्या तबकडीला दिलेच पाहिजे.

पंडित भीमसेन जोशींचे काम वेगळ्या वाटेने आले. पुणे आकाशवाणीचे केंद्र १९५३ साली सुरू झाले. तिथले राम फाटक यांनी नामदेवरायांच्या आणि नाथांच्या अभंगांना चाली लावल्या आणि त्या भीमसेनजींनी गायल्या. ‘तीर्थ विठ्ठल’ आणि ‘माझे माहेर पंढरी’ त्यांतलेच. खळ्यांच्या चालींवर त्यांची ‘अभंगवाणी’ निघाली. ‘संतवाणी’ या नावाने ते अभंगांच्या मैफली करू लागले, आणि ख्यालाच्या मैफलीला कधी न गेलेला माणूसही तिथे येऊन बसू लागला. गायक मूळचे गदगचे, म्हणजे कन्नड मुलखातले. कन्नड दासवाणीही त्यांनी तितक्याच प्रेमाने गायली. पुरंदरदासांच्या पदांत नाममुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’ अशी असते. पंढरीच्या देवाला कानडा का म्हणतात यावर पंडित लोक पुष्कळ वाद घालतात. हा गळा ऐकताना मला तो वाद आठवत नाही.

आता नाममुद्रेचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू, कारण या तबकड्यांनी जो सर्वांत मोठा घोटाळा केला तो इथेच आहे.

अभंग कोणाचा हे आपण शेवटच्या चरणावरून ओळखतो. तिथे तुकोबा, नामा, एका जनार्दनी, जनी उभे असतात. ही खूण म्हणजे संताची सही. पण भीमसेनजींच्याच आवाजातले ‘इंद्रायणी काठी’ घ्या. ते कोणा संताचे नव्हे. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिले आणि पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली. ‘कानडा राजा पंढरीचा’ हेही माडगूळकरांचेच, १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातले, सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी गायलेले. पुढे भक्तिगीतांच्या संग्रहांत ही गीते संतांच्या अभंगांच्या मांडीला मांडी लावून बसली. पहाटे रेडिओवर एकापाठोपाठ एक लागू लागली. देवळाच्या कर्ण्यावरून गावभर गेली. ऐकणाऱ्याला कवी कोण, संत कोण, हे कळण्याचा मार्गच उरला नाही.

ही भूल जुनीच आहे, हेही सांगतो. प्रभातच्या १९३६ मधल्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात विष्णुपंत पागनिसांनी गायलेले ‘आधी बीज एकले’ तुकोबांचेच आहे असे समजून पुष्कळांनी गाथेत शोधले. गाथेत ते मिळत नाही, कारण ते शांताराम आठवले यांनी लिहिले आहे. कवीच्या दृष्टीने ही केवढी मोठी पावती! माडगूळकरांनाही ती मिळाली. पण वाचकहो, आपण वारकरी. आपल्याकडे शब्दाला प्रमाण मानतात. निरूपणाला उभ्या राहिलेल्या माणसाने चित्रपटातली ओळ संतांच्या नावावर सांगितली, तर समोर बसलेले तिला प्रमाण मानून घरी घेऊन जातात. अशी ओळ कीर्तनात ऐकून मी एकदा गप्प बसलो होतो. ते गप्प बसणे मला अजून बोचते.

दुसरे नुकसान चालींचे. वासकर, देहूकर अशा फडांनी आपापली भजनाची रीत पिढ्यान् पिढ्या सांभाळली. एकाने चरण म्हणायचा, दोन्ही रांगांतल्या टाळकऱ्यांनी तो उचलायचा, मृदंगाने लय वाढवायची. अभंग किती वेळ चालावा हे घड्याळ ठरवत नसे, रस्ता ठरवी. गावाच्या वेशीपासून देवळापर्यंत एकच अभंग पुरे. तबकडीने एका अभंगाला एक चाल कायमची चिकटवली, तीही एका माणसाने गाण्यासाठी बांधलेली. तिच्यातल्या नाजूक हरकती शंभर टाळकऱ्यांना एकसाथ कशा घेता याव्यात? मग लोक गायचे सोडून ऐकू लागले. वेळेच्या बंधनाने कुठे कुठे मधले चरणही गळाले. लांब अभंगांच्या बाबतीत गाथा शेजारी ठेवून ऐकाल तर तुमच्या ध्यानात येईल.

पण हिशेब एवढ्यावर मिटत नाही. सोयराबाईंची आठवण ठेवा. चोखोबांची ही पत्नी. तिच्या जातीला पंढरीच्या मंदिरात पाऊल टाकता येत नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, बाहेरच राहिली. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले तेव्हा ते दार हरिजनांना उघडले. आणि पुढे किशोरीताई आमोणकरांनी त्याच सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ गायला. ज्या घरांच्या माजघरात तिला कधी प्रवेश मिळाला नसता, त्या घरांत तिचे शब्द रोज सकाळी, देवपूजेच्या वेळी घुमू लागले. शेवटच्या चरणात ती आपली सही करते, चोखोबांची बायको म्हणून, आपल्या जातीच्या नावानिशी. किशोरीताई तो चरण गातात. फडावरच्या चालींना जे साधले नव्हते ते इथे एका तबकडीने केले. म्हणून तबकडीला नुसते दोष देणे मला जमत नाही.

तबकडीमागून कॅसेट आली, स्वस्त आणि खिशात मावणारी. प्रल्हाद शिंदे यांचे ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ खेड्यापाड्यांत, एस. टी. च्या थांब्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर पोचले. हेही संताचे नव्हे, दत्ता पाटील यांचे. शिंदे भीमगीतेही गायचे आणि कव्वालीही. त्यांचा तो मोकळा, उंच सूर दिंडीच्या सुराला लताबाईंपेक्षा जवळचा आहे असे मला वाटते. गायकीच्या जाणकारांना हे पटणार नाही. पण रस्त्यावर, उन्हात, चालता चालता म्हणून पाहा.

पालखीच्या वाटेवर एक दृश्य तुम्हीही पाहिले असेल. गावाने स्वागताला कर्णा लावलेला असतो, त्यावर भीमसेनजी नामदेवरायांचा अभंग गात असतात. तेवढ्यात मागून दिंडी येते, योगायोगाने तोच अभंग म्हणत, आपल्या चालीत, दुसऱ्या चरणावर परतत. कर्ण्याजवळून जाताना क्षणभर दोन्ही चाली एकमेकींत गुंततात, टाळ चुकल्यासारखे होतात. पुढच्या रांगेतले एखादे पोर हसून वर कर्ण्याकडे बघते. मग मृदंग लय धरतो, ध्रुपद पुन्हा उचलले जाते, आणि दिंडी पुढच्या गावाकडे निघून जाते.