संप्रेरकाचा हुकूम

जालना जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला गोऱ्हा आणि बैल यांतला फरक शिकवावा लागत नाही. गोऱ्ह्याला खच्ची केले की त्याचा माज उतरतो, मानेची ठेवण बदलते आणि तो जुवाखाली मुकाट चालू लागतो. शरीराचा एक भाग निकामी केला तर दूरच्या मानेवर त्याचा परिणाम का व्हावा, हा प्रश्न पोळ्याला शिंगे रंगविणाऱ्या आम्हा पोरांना कधी पडला नाही.

लंडनच्या जॉन हंटर या शस्त्रवैद्याचे लक्ष मात्र तिकडे गेले. खच्ची केलेल्या जनावरांत मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहते, असे त्याने १७८६ साली नोंदविले. या धाग्याचे दुसरे टोक हाती यायला १९४१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांचे वृषण काढले आणि पुष्कळांच्या वेदना ओसरल्या. कर्करोग कुणाचेच ऐकत नाही, ही समजूत तेथे मोडली. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबई गाठायची तर मनमाडला गाडी बदलावी लागे.

हा चमत्कार घडतो कसा, ते पुढे उलगडत गेले. वृषणांतून निघालेले टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तातून प्रोस्टेटच्या पेशीत शिरते. तेथे एक प्रथिन त्याची वाटच पाहत असते. दोघांची गाठ पडली की ती जोडी पेशीच्या केंद्रात जाऊन ठरावीक जनुके जागी करते. वाढावे किती, जाळावे काय आणि साठवावे काय, हे मग ती जनुके ठरवितात. निरोगी प्रोस्टेटची पेशी जस्त साठविते. त्यामुळे तिच्यातले सायट्रेट जळत नाही, ते वीर्यात सोडले जाते. कर्करोग झाला की जस्त घटते, पेशी ते सायट्रेट स्वतःच जाळू लागते आणि नव्या पेशींसाठी चरबीही घडविते. दुसऱ्यासाठी राबणारी पेशी अशी आपमतलबी होते.

पण रोगही चतुर. हुकूम बंद झाला की काही काळाने त्या पेशी वाट पाहणारी प्रथिने वाढवितात, संप्रेरक स्वतःच तयार करतात. ही पळवाट अडविणारे ॲबिराटेरोन हे औषध अमेरिकेत २०११ साली मान्य झाले.

वृषण काढण्याची शस्त्रक्रिया आजही होते. तेच काम करणारी इंजेक्शने आहेत, पण ती पुनःपुन्हा घ्यावी लागतात आणि खर्चाची असतात, शस्त्रक्रिया एकदाच. तरी आमच्याकडचा म्हातारा तिच्या नावाने दचकतो. ‘खच्ची’ हा गोठ्यातला शब्द त्याला मरणाहून जड वाटतो. अहो, बैलाला आपण कामासाठी खच्ची करतो. येथे माणसाला वाचविण्यासाठी रोगाची रसद तोडायची असते!

दिवाळीला घर भरलेले असते. आजोबा रात्री किती वेळा उठतात, हे शेजारी झोपलेल्या नातवाला आधी कळते. बहुधा ती वयोमानाने ग्रंथीची झालेली साधी वाढ असते. पण तपासल्यावाचून ते कळायचे नाही. तेवढे त्यांना विचारा, आणि लाजू देऊ नका.