चंडल-मंडल : अकबराचा सोळा खेळियांचा डाव

फांशांचें नांव निघालें कीं आपल्या मनांत प्रथम शकुनि उभा राहतो. हा धाक अगदींच निराधार आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस बेहड्याच्या फळांनीं खेळून घरादारास मुकलेल्या त्या जुगाऱ्याची दैना निराळी सांगावयास नको. तरी पण या साऱ्या अनर्थाचें खापर फांशांच्या माथीं फोडावें कीं पण लावण्याच्या रीतीच्या, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. सभापर्वांतील द्यूत पाहा. समोरासमोर दोनच पक्ष, दर फेंकीस नवा पण, आणि पणास मर्यादा म्हणून नाहीं. धन संपलें कीं राज्य, राज्य संपलें कीं भाऊ. अशा हिशेबांत फांसा सरळ पडला असता तरी कोणास तरी वनाची वाट धरावी लागलीच असती.

याच फांशांनीं खेळावयाचा, परंतु हिशेबाची तऱ्हा मुळापासून निराळी असलेला एक खेळ अबुल फजल यानें ‘आईन-ए-अकबरी’त नोंदून ठेविला आहे. त्याचें नांव चंडल-मंडल, आणि तो बादशहानें स्वतः काढला असें तो म्हणतो. ब्लॉकमन साहेबांनीं त्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचें इंग्रजी भाषांतर १८७३ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ही माहिती फारशी न जाणणारांसही खुली आहे. पण ती वाचतांना लोक हत्ती, तोफा आणि महसूल यांच्या प्रकरणांवरच रेंगाळतात.

चंडल-मंडल समजण्यास आधीं चौपड समजली पाहिजे, आणि ती समजण्यास मराठी वाचकास फार कष्ट नाहींत. कारण तिचा व आपल्या सारीपाटाचा सांचा एकच. मध्यें एक रिकामा चौक, त्याच्या चार बाजूंस चार भुजा, प्रत्येक भुजेंत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरें. खेळणारे चार, दोघांविरुद्ध दोघे. प्रत्येकाच्या सोंगट्या चार. फांसे तीन, लांबट. त्यांच्या चार लांब बाजूंवर एक, दोन, पांच व सहा असे ठिपके. (आपल्या ‘पोबारा’ शब्दांतील ‘पौ’ तो या एकाचा, व ‘बारा’ ते दोन छकड्यांचे.) सोंगटी बाहेरच्या ओळींतून फिरून आपल्या भुजेशीं परत आली आणि मधल्या ओळींत शिरली कीं ती ‘पुख्त’ झाली, आणि तेथून मोजकें दान पडून चौकांत गेली कीं ‘पोहोंचली’. आपला ‘पोक्त’ हा शब्द त्याच फारसी शब्दाचा नातेवाईक होय. एका घरांत आपल्या दोन सोंगट्या जोडीनें असल्या तर प्रतिपक्षास त्या मारतां येत नाहींत. आणि ज्याच्या चारही सोंगट्या पोहोंचल्या तो उठून जात नाहीं. आपली पाळी आली म्हणजे तो जोडीदारासाठीं फांसे टाकतो. हा शेवटचा नियम आम्हांस विशेष वाटतो. जिंकलेल्यानें बसून राहावें व मागें राहिलेल्यास हात द्यावा, ही गोष्ट शकुनीच्या फडांत कोणास सुचली नसती.

आतां चंडल-मंडल. चार भुजांच्या जागीं सोळा भुजा मध्यबिंदूभोंवतीं वर्तुळाकार मांडावयाच्या. प्रत्येकींत पूर्वीप्रमाणें चोवीस घरें, म्हणजे एकूण ३८४. खेळणारे सोळा, सोंगट्या चौसष्ट. फांसे तीनाऐवजीं चार, आणि त्यांवरील आंकडे एक, दोन, दहा व बारा. आंकडे वाढविले यांत नवल नाहीं. एवढ्या मोठ्या वर्तुळाची प्रदक्षिणा पांच-सहांच्या दानांनीं करूं म्हटलें तर कठीणच. सोंगट्या चौपडीप्रमाणेंच उजवीकडे चालत साऱ्या वर्तुळांतून फिरतात. येथें जोड्या नाहींत, ज्याचा तो.

खरी मौज हिशेबांत आहे. डावाआधीं एक रक्कम ठरवावयाची. जो सर्वांच्या आधीं सुटेल त्यास उरलेल्या पंधरा जणांनीं ती रक्कम द्यावयाची, दुसरा सुटेल त्यास चौदा जणांनीं, तिसऱ्यास तेरा जणांनीं, असें शेवटपर्यंत. ठरलेली रक्कम एक रुपया धरून पाहूं. पहिल्यास निव्वळ पंधरा रुपये मिळाले. दुसऱ्यास चौदा मिळाले, पण त्यानें पहिल्यास एक दिलेला आहे, म्हणून निव्वळ तेरा. असें दोन-दोननें उतरत आठव्यास आठ मिळतात व सात द्यावे लागतात, म्हणजे एक रुपया नफा. नवव्यास सात मिळून आठ जातात, म्हणजे एक रुपया तोटा. पंधराव्याच्या पदरीं तेरांची खोट, सोळाव्याच्या पंधरांची. वरच्या आठ जणांचा नफा मिळविला तर चौसष्ट भरतो. पटावरच्या सोंगट्याही तितक्याच. हा योगायोगच असावा, पण गोड आहे.

या रीतीचा परिणाम काय होतो तो पाहा. पहिला सुटला म्हणून डाव मोडत नाहीं. बाराव्या जागेवरील माणसासही अकरावा होण्यांत दोन रुपयांचा फरक आहे, म्हणून तो शेवटपर्यंत जीव लावून खेळतो. केवळ शेवटचा सोडला तर प्रत्येकाच्या हातीं कांहीं ना कांहीं येतें, आणि केवळ पहिला सोडला तर प्रत्येकाच्या हातून कांहीं ना कांहीं जातें. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, अधिकांत अधिक किती जाणार तें बसण्यापूर्वींच ठाऊक असतें. नियम पाळला तर ऐन रागाच्या भरांत पण दुप्पट करण्यास जागाच उरत नाहीं. धर्मराजास या वर्तुळांत बसविलें असतें तर एका डावांत तो फार तर पंधरापट देऊन उठता.

बादशहा या खेळांतून माणसांची पारख करीत असे व त्यांस सौजन्य शिकवीत असे, असा अबुल फजलचा अभिप्राय आहे. आश्रिताच्या लेखणीचा मान राखूनही त्यांतील थोडें वजा करणें भाग आहे. कारण याच प्रकरणांत तो असेंही सांगतो कीं, कधीं कधीं दोनशेंपर्यंत लोक खेळावयास बसत, सोळा डाव पुरे झाल्यावांचून कोणास घरीं जातां येत नसे, आणि कांहींचे ते डाव तीन-तीन महिने चालत. जो कंटाळून चुळबुळ करूं लागे त्यास मद्याचा प्याला प्यावा लागे! बायकामुलें सोडून तीन महिने फांसे खुळखुळवीत बसणाऱ्या सरदाराचें सौजन्य वाढलें कीं सोशिकपणा, हें सांगणें कठीण. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणांतील फरसबंदी पट दाखवून, त्यावर सोंगट्यांच्या जागीं दासी उभ्या करीत असत ही कथा वाटाडे रंगवून सांगतात. खुद्द आईनांतील या प्रकरणांत मात्र दासींचें नांव नाहीं, म्हणून आम्ही ती बाजूस ठेवितों.

पुढें घराघरांतून टिकला तो चार भुजांचाच पट. सोळा जणांस एका बैठकीस गोळा करणें बादशहास सोपें, गृहस्थास अवघड. परंतु ती मोजणी उचलण्यास सोळा जणांची जरुरी नाहीं. सारीपाटावर जोड्या न करतां चौघे बसले व पणाच्या जागीं चिंचोके ठेविले, तर क्रमानें तीन व एक मिळतात, एक व तीन जातात. फांशांचाच दुसरा एखादा खेळ सहा जण खेळत असल्यास पांच, तीन, एक असा नफा व तितकाच तोटा. खेळणारे पांच असले तर चार व दोन मिळतात, दोन व चार जातात, आणि मधला जितके चिंचोके घेऊन बसला तितकेच घेऊन उठतो.