अक्षरांखालचे अंक : संगणकातील देवनागरीची कुळकथा

सातबाऱ्याच्या संगणकीय उताऱ्यावर ‘मोहोळ’ हे तालुक्याचे नाव तीन अक्षरांचे दिसत असले, तरी युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ते 2350, 2379, 2361, 2379 आणि 2355 अशा पाच अंकांचे असते. म, ओकाराची मात्रा, ह, पुन्हा तीच मात्रा आणि ळ असा त्यांचा क्रम होय. संगणकाची यंत्रसामग्री चालू आणि बंद या दोनच विद्युतस्थिती जाणत असल्यामुळे ‘म’चा 2350 हा अंकही द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ 0 आणि 1 वापरून, 100100101110 असा मांडावा लागतो. अक्षराचे वळण या अंकांत कोठेच नसते. ते फाँटमध्ये, म्हणजे आकृत्यांच्या वेगळ्या संचात असते, आणि अंकांवरून योग्य आकृती निवडण्याचे काम आज्ञावली करते.

अंक आणि आकृती यांची ही फारकत देवनागरीला सहजासहजी लाभली नाही. छपाईसाठी घडवलेल्या अनेक जुन्या फाँटांत काना, मात्रा, अर्धी अक्षरे अशा तुकड्यांनाच अंक दिलेले असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर निरर्थक इंग्रजी चिन्हांसारखा दिसे, आणि त्या काळातील कितीतरी मजकूर आजही शोधता येत नाही, ही मराठीची मोठी हानी होय.

याउलट कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने वाढलेल्या संशोधनाने उच्चारक्रम प्रमाण मानला. ‘शिवार’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी दिसते, पण साठवली जाते ‘श’नंतर, तिला पडद्यावर मागे आणण्याची जबाबदारी आज्ञावलीची. 1991 साली भारतीय मानक ठरलेल्या ‘इस्की’ संकेतात तर ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच तक्ता दिला गेला, म्हणजे मराठी, कन्नड आणि तेलुगू एकत्र नांदणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात ‘म’ कोणत्याही लिपीत लिहिला तरी त्याचा अंक एकच राहिला.

त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग दिला, मात्र त्यांची अंतर्गत मांडणी इस्कीच्या 1988 सालच्या आराखड्यावर बेतली. देवनागरीचा विभाग 2304 पासून, तेलुगूचा 3072 पासून आणि कन्नडचा 3200 पासून सुरू होतो. ‘म’चे अंक अनुक्रमे 2350, 3118 आणि 3246 आहेत, म्हणजेच तिन्ही विभागांत तो आरंभापासून 46 अंकांच्याच अंतरावर आहे.