पायताण काठावर का राहते? कोल्हापूर, चामडे आणि नदीत उतरणारे पाय

१/ ज्या शहराने आपले नाव एका चपलेला दिले, त्या शहरातला माणूस नदीत उतरताना सर्वप्रथम तीच चप्पल काठावर काढून ठेवतो. पंचगंगेच्या घाटावर हे दृश्य रोज दिसते. त्यात देवभाव आहेच, परंतु चामड्याचे रसायनशास्त्रही आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधील गळ टाकणाऱ्यांनी याच अडचणीवर निराळा तोडगा काढला : छातीपर्यंत येणारी जलरोधक तुमान, म्हणजे वेडर, आणि तिच्यावर चढवायचे वेडिंग बूट. मित्रहो, आजचा थ्रेड या दोन पायताणांविषयी.

२/ प्रथम आपले पायताण. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचे केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते मुरवतात. हिरडा सह्याद्रीच्या रानातला, म्हणजे कोल्हापूरला हाताशी असलेला. या अर्कातील टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून बसते आणि कातडे कुजायचे थांबते. तळ म्हशीच्या कातड्याचा, नाजूक वेणी बकऱ्याच्या. शिवण खिळ्यांची नव्हे, चामड्याच्याच वादीची. कापशी हा प्रकार तर गावाच्याच नावाने ओळखला जातो.

३/ या चामड्याला पाण्याचे मात्र वावडे. फार वेळ भिजले की टॅनिनचा काही अंश विरघळून जातो, तळ फुगतो, वादी सैल पडते. मग उन्हात घाईने वाळवले की तेच चामडे कडक होऊन तडकते. म्हणून जुन्या घरांतला शिरस्ता आजही खरा आहे : भिजलेली चप्पल सावलीत, वाऱ्यावर सुकवावी, पूर्ण सुकल्यावर तेलाचा हात फिरवावा, पावसाळ्यात ती बांधून न ठेवता मोकळी ठेवावी, नाहीतर बुरशी धरते.

४/ येथे एक विसंगती नोंदवलीच पाहिजे. साऱ्या मुलखाला पायताण पुरवणारे हात आणि पाय स्वतः मात्र चुन्याच्या व सालीच्या पाण्यातच राबत आले. त्या कामासाठी समाजाने त्यांना गावाबाहेर ठेवले आणि त्यांनी केलेली चप्पल मिरवली. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले; महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून. कातडे कमावणाऱ्याच्या पायांचा विचार त्या कौतुकात फारसा कोणी केला नाही.

५/ आता नदीकडे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. या नद्यांचा उगमाकडचा तळ काळ्या बसाल्टचा. त्यावर शेवाळ चढले की काचेवर तेल सांडल्यासारखे होते. फेकजाळे घेऊन उतरणारा भोई येथे अनवाणीच चालतो. बोटे पसरून तळ चाचपत पाय टाकणे, भार एकदम न देणे, ही त्याची विद्या. पाणी कोमट असल्याने पायांना थंडीचे भय नसते.

६/ स्कॉटलंडात नेमके तेच भय होते. थंड प्रवाहात तासभर उभे राहिले की पाय बधिर होतात. वेडरचा जन्म त्या गरजेतून झाला. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश याने रबर नॅफ्थ्यात विरघळवून दोन कापडांच्या मधे बसवण्याचे पेटंट घेतले. हे कापड पाणी अडवी, पण उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात ताठ होई. १८४४ साली चार्ल्स गुडइयर याला गंधकासह रबर तापवण्याच्या कृतीचे पेटंट मिळाले आणि ती खोड गेली.

७/ त्याच काळात साहेब आपल्या नद्यांतले मासेही मोजत होता. कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन केले. पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीराला त्याने दिलेल्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा शब्द आजही आहे. १८७३ साली हेन्री सुलिव्हन टॉमस याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ मंगळुरात छापला गेला आणि महसीर हे गोऱ्या शिकाऱ्यांचे वेड बनले. पुढे १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोम क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. हे चामडे पाणी सोसते. आपले बाभूळ-हिरड्याचे चामडे त्या बाबतीत मागे पडले, हे मान्य करावे लागते.

८/ निसरड्या दगडावर पकड यावी म्हणून बुटाच्या तळाला लोकरी नमद्याचा थर लावण्याची पद्धत पडली. पकड उत्तम, पण नमदा ओला राहतो आणि सूक्ष्म जीव एका नदीतून दुसरीत नेतो. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचे उपद्रवी शेवाळ आढळले आणि २००८ साली तेथे गोड्या पाण्यातील मासेमारीत नमद्याच्या तळांवर बंदी आली. बुटाचा तळ कशाचा असावा हे सरकारने ठरवले!

९/ कोल्हापूरच्या गळवाल्याने मग काय घ्यावे? जाड निओप्रीनची तुमान येथे घामानेच भिजवील. हवा खेळू देणारे पातळ वेडर पुरे. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठा, कारण आत जाड मोजा येतो. तळ रबरी, त्यात धातूचे खिळे. कमरेला पट्टा आवळलाच पाहिजे. आत शिरलेले पाणी माणसाला तळाशी ओढते ही समजूत चुकीची आहे. परंतु ते पोटऱ्यांत भरले की काठावर चढता येत नाही. घरी आल्यावर बूट धुऊन सावलीत पूर्ण सुकवावेत. ओलसर गुंडाळून ठेवलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा थर आतून विघटित होतो आणि एखाद्या दिवशी तळ हातात येतो.

१०/ परंतु खरा प्रश्न शौकिनांचा नाही. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी यांमुळे पंचगंगेत मेलेले मासे तरंगल्याच्या घटना वारंवार घडतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पिण्याच्या पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भेगाळलेल्या, भिजलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. भोई ज्या उघड्या पावलांनी तळ ओळखत आला, तीच पावले आता धोक्यात आहेत. स्कॉटलंडात वेडर थंडीसाठी जन्मले. पंचगंगेत त्यांची गरज पडली ती पाणी घाण झाल्यामुळे. गळवाला हौसेने वेडर विकत घेतो. जाळे घेऊन रोज पहाटे उतरणारा भोई अजून अनवाणीच उतरतो, आणि त्याची चप्पल काठावर कोरडी असते.