पडद्यामागचा ट्रम्पेट : हिंदी सिनेमानं आपल्याला जाझ कसं ऐकवलं

मंडळी, १९५१ साली भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. भगवान आबाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. संगीत आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. त्यातली गाणी आजही आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. पण त्या गाण्यांत ट्रम्पेट आणि बोंगो ज्या ढंगानं वाजतात, तो ढंग आला कुठून? आणि पिटातल्या प्रेक्षकापर्यंत तो पोचला कसा? आज आपण एवढंच पाहू.

जाझ मुंबईत त्याच्या आधीच आलं होतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. पण ताजच्या नाचाच्या दालनात जायचं कुणी? साहेबानं, संस्थानिकानं, शेटजींनी. लालबाग-परळचा माणूस समुद्राची हवा खायला त्या दारावरून जायचा, आत नाही. संगीत शहरात होतं, शहराला ते ऐकू येत नव्हतं.

ही दरी सांधली गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुलं पोटापाण्यासाठी मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमध्ये लागली. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ त्यातलेच. ‘चिक चॉकलेट’ या नावानं ते गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

मग स्वातंत्र्य आलं, साहेब गेला. १९५० मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदी कडक झाली आणि हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या. वादकांना काम हवं होतं, आणि स्टुडिओंना मोठा वाद्यवृंद. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, पण तीस-चाळीस वादकांना एकाच वेळी पाठ करून वाजवायला लावणार कसं? त्याला कागद लागतो. तो कागद लिहायचे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक. चाल आपली, तिच्या आजूबाजूची सुरावट त्यांची, असा तो संसार.

सी. रामचंद्रांनी हे सगळ्यांत मोकळेपणानं वापरलं. ‘शहनाई’ १९४७चा, ‘समाधी’ १९५०चा, मग ‘अलबेला’. त्यात तर चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरच दिसतो! ज्या दालनात आपल्याला शिरकाव नव्हता, ते दालनच काही आण्यांच्या तिकिटात समोर येऊन बसलं. लोकांनी त्याला जाझ म्हटलं नाही, रुंबा म्हटलं नाही. ‘भगवानचं गाणं’ म्हटलं आणि गणपतीच्या मांडवात त्यावर नाचले.

विरोधही झालाच. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे आपल्याच मराठी मुलखातले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. पाश्चात्त्य सूर नकोत असं सरकारला वाटत होतं, पण कानानं निवड आधीच केली होती.

आता एक बोचणारी बाजू. सिनेमानं आपल्याला नवं संगीत दाखवलं, पण त्याचा पत्ता दिला नाही. तबकडीवर गायकाचं नाव, फार तर संगीतकाराचं. वाजवणाऱ्याचं आणि स्वरलेखन करणाऱ्याचं नाव सहसा नसेच. एखाद्या पोराला तो ट्रम्पेट आवडला, तर त्यानं पुढे शोधायचं काय? म्हणून जाझ आपल्या घराघरांत आलं, तरी अनोळखीच राहिलं.

अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात हिंदुस्थानी राग आणि सिंफनी यांचा मेळ घालणारा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तरी त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं ते १९७७ मध्ये, ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका विनोदी गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेला तो नमस्कार होता. देश ते नाव गुणगुणला, पण या नावाचा खराखुरा माणूस आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

तेव्हा मंडळी, जुनं गाणं लागलं की मुखडा संपल्यावर गप्पा सुरू करू नका. दोन कडव्यांमधला तो तुकडा ऐका. आपल्या कानांना मिळालेलं नवं जग बरंचसं तिथेच आहे.