सराई, लॉज आणि रेल्वे हॉटेल

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की आधी चहाचा कप डोळ्यांपुढे येतो, मग खोली. गुलमंडीवर ‘चला हॉटेलात’ म्हणजे चहाला चला. मुक्कामाचा शब्द वेगळा, लॉज. त्याही आधीचा, सराई.

मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी वसवली. पुढे तिचं औरंगाबाद झालं. व्यापारी, फौजेतली माणसं, फकीर अशा येत्या-जात्या लोकांवर हे गाव वाढलं. मुक्काम करणाऱ्याला गाव काय देतं, हे बघायचं तर पाणचक्कीवर जा. आपण तिथे फोटो काढतो आणि परत येतो. उत्तरेच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणलं, ते उंचावरून पात्यांवर पाडलं, आणि त्या जोरावर जातं फिरलं. पीठ कुणासाठी? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी. नावातच मुसाफिर आहे बघा! पाहुण्याच्या भाकरीची सोय आधी करून ठेवायची, तो कोण हे नंतर.

1900 च्या सुमाराला मनमाडहून मीटरगेज रेल्वे आली, निजामाची. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे साहेबलोक इथे उतरू लागले, त्यांच्यासाठी रेल्वेचं हॉटेल झालं. त्याच्या व्हरांड्याविषयी, टेबलावरच्या शिस्तीविषयी लोक गोडीनं बोलतात. मला दुसरंच सांगायचं आहे.

1917 मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या डॉ. आंबेडकरांना मुक्कामाला हॉटेल मिळेना. पारशी असल्याचं दाखवून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली, आणि बाहेर पडावं लागलं. 1934 मध्ये ते सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला आले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दरवाजाजवळच्या हौदावर तोंड धुतलं, तर हौद बाटवला म्हणून गलका झाला. हे आपल्या शहरापासून हाकेच्या अंतरावर, बरं का.

आणि हेच बाबासाहेब पुढे मिलिंद महाविद्यालयाच्या कामासाठी औरंगाबादला आले की त्या रेल्वे हॉटेलात उतरत. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. साहेबांसाठी बांधलेल्या खोलीत बसून मराठवाड्यातल्या गरीब पोरांच्या वर्गखोल्यांचा विचार झाला. मला त्या हॉटेलचं खरं वैभव इथे दिसतं, चांदीच्या चमच्यांत नाही. कॉलेजचं नावही बघा. राजा मिलिंद प्रश्न विचारतो, भिक्षू नागसेन उत्तर देतो. आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांना हा संवाद फार जवळचा.

आता एक घरगुती गोष्ट. 1970 नंतरचीच आहे. मी नवा अधिव्याख्याता होतो, परगावचा एक मित्र चर्चासत्राला आला. त्याला घेऊन बाजारातल्या एका लॉजवर गेलो. गल्ल्यावरच्या माणसानं खोली दाखवली, किल्लीही पुढे केली. मग रजिस्टर उघडलं. मित्रानं आडनाव लिहिलं. ते वाचून मालक म्हणाले, “सर, खोली आधीच बुक आहे, विसरलोच मी.” किल्ली परत खिळ्याला गेली. मी भांडायला हवं होतं. मी फक्त “असू द्या” म्हणालो.

मित्र रात्री आमच्याकडे राहिला. आईनं भाकरी टाकली, त्यानं दोन खाल्ल्या, आणि सकाळी चर्चासत्रात कांटवर उत्तम बोलला. लॉजचा विषय त्यानं काढला नाही, आणि मीही काढला नाही.